कधीमधी लागतो म्हणून

अँगल ग्राइंडर, एकोणतीस डॉलरला, सेलमध्ये.
खोक्यावरचा माणूस हसत ठिणग्या उडवत होता, चष्म्याशिवाय.
आमच्या ग्लेस बेमध्ये चष्म्याशिवाय हसणारे
फार दिवस हसत नाहीत.

काउंटरवरची पोरगी म्हणाली, दोन वर्षांची वॉरंटी.
मी म्हटलं, दोन वर्षांत मी तो दोनदा वापरीन.
तीनदा वापरला.

आधी बोटीच्या ट्रेलरचा बोल्ट.
खाऱ्या वाऱ्यानं नट आणि बोल्ट एकमेकांत असे मुरलेले
की कोण कुठे संपतं ते पान्यालाही कळेना.
मग न्हाणीघरातली फरशी. ती वाकडी कापली गेली,
साबणाच्या बशीमागे ते वाकडेपण अजून लपून आहे.
तिसरं आठवत नाही.
गवत कापायच्या यंत्राचं पातं असेल.

खटका अडकतो.
सुरू होताना घसा खाकरतो, मग किंचाळतो,
आणि पाच मिनिटांत मानेशी इतका तापतो
की हातमोज्यातूनही कळतं, आता पुरे.
मी बासष्टचा आहे. त्याचं ऐकतो.
दोघं पायरीवर बसतो, निवत.

माझा मेहुणा लॉकलिन, सगळा जन्म खाणीच्या वर्कशॉपात गेलेला,
त्यानं तो उचलला, वजन पाहिलं,
आणि शिळा मासा ठेवावा तसा खाली ठेवला.
"एक हिवाळा," म्हणाला.
अकरा झाले.
स्वस्तातली वस्तू वापरून मरते;
मी त्याला मरण्यापुरतं काम कधी दिलंच नाही.

मग एका जूनमध्ये शेजारची मर्डीना आली.
"तुझ्याकडे ते किंचाळणारं आहे ना?"
रॉडीसाठी बसवलेला पायऱ्यांचा कठडा तिला नको होता.
रॉडीला जाऊन चौदा महिने झाले होते.
"दार उघडलं की आधी ते लोखंड दिसतं," म्हणाली,
"समुद्र नंतर."

चार पाय, चार काप.
ठिणग्या तिच्या लुपिनच्या फुलांवर पडून विझत होत्या,
त्यांना काहीच होत नव्हतं.
तिसऱ्या पायाच्या वर एका जागी रंग उडाला होता, मुठीएवढा.
रॉडी तिथे थांबून दम खायचा,
छातीत वीस वर्षांचा कोळसा घेऊन.
बाकी सगळा कठडा गंजलेला,
तेवढंच लोखंड तळव्याच्या तेलानं काळं, गुळगुळीत.
"तेवढं ठेव," ती म्हणाली, दुसरीकडे बघत.

वीतभर तुकडा कापला.
मग चकती बदलली, घासायची बसवली,
आणि दोन्ही टोकं घासत राहिलो,
बोटाला लागू नयेत इतकी,
मग गालाला लागू नयेत इतकी.
का, ते मला विचारू नका.
तापला म्हणून तीनदा थांबलो.
तिनं तिन्ही वेळा चहाचं विचारलं.

फेब्रुवारीत तिच्या पायऱ्यांवर बर्फाची काच.
सकाळी सातला फोन.
पडली नव्हती, पडता पडता राहिली होती,
आणि चिडली होती: माझ्यावर, रॉडीवर, जूनवर.
"तो कठडा परत लावता येईल का रे?"

कठडा माझ्या गॅरेजमागे, बर्फाखाली,
चारही पाय तोडलेला,
मधे वीतभर जागा रिकामी.
मी जाऊन मीठ टाकलं, चुलीतली राख टाकली,
दाराच्या कडीपासून टपालपेटीपर्यंत दोर ताणून बांधला.
ती खिडकीतून बघत होती. हात केला नाही.

घरी आलो तर टेबलावर दुकानाचं पत्रक.
वेल्डिंगचं यंत्र, सगळ्यांत लहान, नव्याण्णव डॉलर.
खोक्यावर माणूस आहेच,
पण मुखवटा घातलेला;
हसतोय की नाही, दिसत नाही.

लॉकलिन म्हणेल, एक हिवाळा.
एवढाच तर हवाय.